ऊन लागलं, गारठा भरला: आधी बोलणं तपासा

मे महिन्यातलं लग्न, चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव, साडेबाराचा मुहूर्त. वरातीबरोबर चालत आलेले माझे एक काका मांडवाच्या कडेला खुर्चीवर टेकले आणि शेजारच्याला विचारू लागले, "बैल सोडले का?" बैल विकून त्यांना दहा वर्षं झाली होती. आजूबाजूचे हसले. कुणीतरी पाण्याचा गिलास हातात दिला, तो त्यांच्याकडून सांडला. पंधरा मिनिटांनी मान टाकली तेव्हा धावपळ सुरू झाली. जीपमध्ये घातलं, काचा लावल्या, तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला पाऊण तास लागला. वाटेत दोन गावं होती, दोन्हीकडे रस्त्यालगत हातपंप. गाडी थांबवून त्यांच्या अंगावर बादलीभर पाणी ओतावं, हे आम्हा सहा जणांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. काका वाचले नाहीत.

तेव्हापासून मी हा विषय वाचला, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलं, गावात आणि ट्रेकिंगच्या मुलांना शिकवतोही. उष्माघात आणि गारठा ही दोन टोकं वाटतात, पण दोन्हींत धोक्याची घंटा एकाच ठिकाणी वाजते. मेंदूला ठरावीक तापमान लागतं. ते फार वर गेलं किंवा फार खाली आलं की सगळ्यात आधी बोलणं आणि चाल बिघडते. माणूस भलतंच बोलतो, विनाकारण चिडतो, सरळ चालताना झोक जातो, शर्टाचं बटण लावता येत नाही. "बैल सोडले का" हीच ती घंटा होती.

ऊन लागणं कुठवर साधं, कुठून जीवघेणं

आपल्याकडे चक्कर आली तरी "ऊन लागलं" म्हणतात आणि माणूस बेशुद्ध पडला तरी तेच. उपाय मात्र वेगळे आहेत.

पायात गोळे येणं, डोकं दुखणं, मळमळ, भरपूर घाम, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, ही थकव्याची पायरी. माणूस शुद्धीवर असतो, नीट उत्तरं देतो. त्याला सावलीत आडवा करा, पाय उशीवर ठेवा, कपडे सैल करा, अंग ओल्या फडक्याने पुसून वारा घाला, आणि ओआरएस घोट-घोट द्या. पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, मोजून टाका. कैरीचं पन्हं किंवा मीठ घातलेलं ताकही चालेल. नुसतं साधं पाणी तांब्यामागून तांब्या पाजणं मात्र बरं नाही. घामावाटे मीठ गेलेलं असताना फक्त पाणीच भरलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि त्यानेही माणूस गोंधळतो. अर्ध्या तासात उतार पडला नाही, उलट्या थांबत नाहीत किंवा बोलणं जड होतंय असं वाटलं, तर पुढची पायरी आली असं समजा.

ती पुढची पायरी म्हणजे उष्माघात: शरीराच्या आतलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या पुढे, आणि सोबत बिघडलेलं भान. बरळणं, भांडणं, झटके, बेशुद्धी, यांतलं काहीही.

इथे दोन गैरसमज जीव घेतात. पहिला, "घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही." घरात पत्र्याखाली बसून तापलेल्या म्हाताऱ्या माणसाची कातडी बहुधा कोरडी असते, हे खरं. पण पोलीस भरतीच्या सरावात धावणारा पोरगा, वीटभट्टीवरचा मजूर, तेंदूपाने तोडून मोळी वाहणारी बाई, यांना घामाने निथळत असतानाच उष्माघात होऊ शकतो. दुसरा गैरसमज थर्मामीटरचा. काखेतलं थर्मामीटर आतली उष्णता कमी दाखवतं, आणि पाणी मारल्यावर तर तो आकडा विसरलेलाच बरा. उन्हात किंवा उकाड्यात राहिलेला माणूस, अंग तापलेलं आणि भान हरपलेलं, एवढं दिसलं की उपचार सुरू. मधुमेही माणसाची साखर उतरल्यानेही असं होऊ शकतं. तो बोललेलं समजत असेल आणि नीट गिळू शकत असेल तरच साखरेचं पाणी द्या, पण त्यासाठी अंगावर पाणी घालणं थांबवू नका.

पहिला अर्धा तास

दवाखान्यात नेण्याची घाई हीच आमची चूक होती. उष्माघातात आधी थंड करायचं, मग हलवायचं. पहिल्या ३० मिनिटांत आतलं तापमान ४० च्या खाली आलं तर वाचण्याची शक्यता खूप वाढते. तोवर मेंदू, यकृत, मूत्रपिंड आतून शिजत असतात. माझ्या या शब्दाने कुणाला धक्का बसला तर बसू दे.

एकाने १०८ ला फोन लावावा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात फुकट येते. नाही लागला तर ११२. "उष्माघात आहे, शुद्ध नाही, आम्ही पाणी मारतोय" असं स्पष्ट सांगा, गावाबरोबर जवळची खूण सांगा. फोन करणारा एकच हवा. बाकीच्यांनी कामाला लागायचं.

रुग्णाला सावलीत आणा, शक्य तेवढे कपडे काढा. बाई असेल तर बायकांनी पुढे व्हावं, आडोशाला चादर धरावी. पण लाजेपायी लुगडं, पोलकं, ओढणी तशीच गुंडाळून ठेवू नका. साडी सैल करून पातळ ओल्या सुती कापडाने झाकलं तरी चालतं.

आता बाज आणा. सुतळीची असो की पट्ट्यांची. बाजेवर निजवलं की पाणी खाली गळून जातं आणि वारा पाठीलाही लागतो. जमिनीवर किंवा गादीवर निम्मं अंग वाऱ्यापासून झाकलेलं राहतं. मक्केत हज यात्रेकरूंच्या उष्माघातासाठी जी व्यवस्था उभारली गेली तिचं तत्त्व हेच: जाळीवर निजवायचं, पाण्याचा बारीक फवारा आणि सतत वारा. आपल्याकडे ती जाळी घरोघरी पडलेली आहे.

डोक्यापासून पायापर्यंत पाणी शिंपडत राहा, कूस बदलून पाठीवरही. कुलर, पंखा, नाहीतर सुपाने, पुठ्ठ्याने, पदराने वारा. पाणी आणि वारा दोन्ही एकत्र हवेत. ४२ अंशांत कोरड्या अंगावर पंख्याचा वारा म्हणजे भट्टीची झळ. तोच वारा ओल्या अंगावर पडला की पाण्याची वाफ होते, आणि ती वाफ अंगातली उष्णता घेऊन जाते. हिशेब करून पाहिला तर थक्क व्हायला होतं. ६० किलोच्या माणसाचं तापमान १ अंशाने उतरवायला साधारण ५० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते, आणि कातडीवरून १ लिटर पाणी वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातं. म्हणजे फुलपात्राहूनही कमी पाण्यात १ अंश. प्रत्यक्षात बरंच पाणी गळून जातं, हवाही तापवत असते, म्हणून बादल्या लागतात. पण टँकर लागत नाही. टंचाईच्या गावातही हे जमतं.

हा हिशेब विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेतला. कोकणात, मुंबईत, गोव्यात हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, त्यामुळे पाणी अंगावरून उडत नाही. तिथे थंड पाण्याने थेट भिजवा: अखंड बादल्या ओता, बर्फाच्या पाण्यात बुडवलेल्या चादरी अंगावर टाका आणि दोन-तीन मिनिटांत तापल्या की बदला. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून मान, काखा, जांघा इथे ठेवा. पण तेवढ्यावर भागवू नका, सगळं अंग ओलं हवं. धडधाकट तरुण धावताना किंवा काम करताना कोसळला असेल तर सगळ्यात जलद उपाय म्हणजे थंड पाण्यात गळ्यापर्यंत बुडवणं. पिंप नसेल तर ताडपत्री घ्या, चार-पाच जणांनी कडा उचलून झोळी करा, त्यात त्याला ठेवून पाणी आणि बर्फ ओता, हाताने हलवत राहा. एकाने त्याचं डोकं धरूनच ठेवायचं, नाक-तोंड पाण्याबाहेर. म्हाताऱ्या किंवा हृदयरोगी माणसाला बुडवण्यापेक्षा फवारा आणि वारा बरा.

थांबायचं कधी? माणूस नीट बोलू लागला किंवा कुडकुडायला लागला की. मग अंग पुसा, कुशीवर निजवा आणि दवाखान्यात न्याच. शुद्धीवर आला म्हणून घरी ठेवू नका, कारण यकृत आणि मूत्रपिंडाचं नुकसान एक-दोन दिवसांनी उघड होतं. वाटेत गाडीच्या काचा उघड्या ठेवा, आणि अंग पुन्हा तापलं किंवा बोलणं बिघडलं तर पुन्हा पाणी मारा. भान गेलं किती वाजता आणि पाणी मारायला सुरुवात केली किती वाजता, हे मोबाइलमध्ये लिहून घ्या. डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

श्वास थांबला किंवा नुसतीच घरघर राहिली तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, रुग्णवाहिका येईपर्यंत.

जे करू नये

बेशुद्ध किंवा बरळणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी, पन्हं, काहीही घालू नका. ते फुप्फुसात जातं. झटके आले तर चमचा दातांत देऊ नका, चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, कुशीवर वळवा. पॅरासिटामॉलची गोळी इथे लागू पडत नाही. तापात मेंदू स्वतःच तापमानाची पातळी वर नेतो आणि गोळी ती खाली आणते. उष्माघातात पातळी जागच्या जागी असते, उष्णता उन्हाने किंवा कष्टाने चढलेली असते. गोळीने उतार पडत नाही, शिणलेल्या यकृतावर भार मात्र पडतो.

खिशातल्या कांद्याबद्दल दरवर्षी विचारतात. आजीने दिलेला कांदा जरूर ठेवा, पण त्याच्या भरवशावर दुपारी एक वाजता उन्हात जाऊ नका. तळपायाला कांदा चोळण्यात गेलेली दहा मिनिटं पाणी मारण्यात गेली असती तर उपयोग झाला असता.

पारा किती, यावर विसंबू नका

हवामान खात्याच्या निकषांनुसार सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असलं की उष्णतेची लाट मानतात. ४५ गाठलं तर सरासरी न बघताच. किनारपट्टीला हाच उंबरठा ३७ चा आहे, आणि त्याला कारण आहे. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर झालेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर १४ जणांचा जीव गेला. पारा तेव्हा ३८ च्या आसपास होता. नागपुरात मे महिन्यात असा दिवस सुखाचा वाटतो. पण दमट हवा, डोक्यावर ऊन, तासन्तास एका जागी गर्दीत बसणं, यांनी ३८ सुद्धा मारतं. सभा, सप्ताह, सामूहिक विवाह भरवणाऱ्यांनी मांडव, पाणी आणि पंख्याइतकीच दुपारची वेळ टाळण्याची सोय बघावी, ही माझी हात जोडून विनंती आहे.

कामाला नव्याने लागलेल्या माणसाची पहिल्या आठवड्यात जास्त काळजी घ्या. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. एप्रिलमध्ये अचानक चढलेला पारा म्हणूनच मे अखेरच्या नवतपाइतकाच वाईट. लघवी होण्याच्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि मानसिक आजारांवरची काही औषधं यांनी अंगातलं पाणी, घाम किंवा तहान कमी होते. ती मनाने बंद करू नका, उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. दारू प्यायलेला माणूस उन्हात निजला असेल तर "चढली आहे" म्हणून सोडून देऊ नका, अंगाला हात लावून बघा. आणि पत्र्याच्या खोलीत एकटी राहणारी म्हातारी माणसं: त्यांच्याकडे दुपारी चारला एक चक्कर मारा, दोन वाक्यं बोला. बोलण्यावरूनच कळेल.

गारठा: बर्फ लागतोच असं नाही

आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला शरीर गारठणं म्हणतात, आणि त्यासाठी हिमालयच हवा असं नाही. जुलैतला कळसूबाई किंवा हरिश्चंद्रगड पुरे. हवा १७-१८ अंशांची, पण अंग चार तास चिंब, वर झोंबरा वारा, अंगात सुती टीशर्ट आणि जीन्स, पोटात सकाळचा वडापाव. हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता सुमारे पंचवीसपट वेगाने ओढतं. आणि हिमालयात उन्हाळ्यातही बेसावध राहता येत नाही. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्त्रतालच्या वाटेवर हिमवादळात सापडून कर्नाटकातले ९ ट्रेकर गेले. महाराष्ट्रातून दर मोसमात तिकडे जाणाऱ्या मुलामुलींना मी हे मुद्दाम सांगतो.

सुरुवात कुडकुडण्याने होते. कुडकुडणं चांगलं आहे, शरीर लढतंय. पुढे जीभ जड होते, माणूस मागे पडू लागतो, पाय अडखळतो, सॅकची चेन उघडता येत नाही, "मला इथेच बसू द्या" म्हणतो. आणि मग कुडकुडणं थांबतं. बरोबरच्यांना वाटतं, बरं वाटायला लागलं. खरं तर आतलं तापमान ३२ च्या आसपास आलेलं असतं आणि लढाई हरत चाललेली असते. काही जण या टप्प्यावर उकडतंय म्हणत कपडेही काढतात.

कुडकुडत असलेल्या आणि नीट बोलणाऱ्या माणसासाठी: वाऱ्यापासून आडोसा शोधा, गुहा, देऊळ, खडकाची पडवी. ओले कपडे काढून कोरडे घाला, टोपी घाला. खाली कॅरीमॅट, रिकाम्या सॅक, दोरांची वेटोळी, जे असेल ते अंथरा. वरून दोन पांघरुणं घालून खाली ओला कातळ असेल तर उपयोग नाही, ऊब खाली जाते. गूळ, चिक्की, खजूर, गरम गोड चहा द्या. साधारण अर्धा तास बसवून ठेवा आणि अंगात ऊब आली तरच चालवा.

बोलणं बिघडलेल्या किंवा कुडकुडणं थांबलेल्या माणसाला मात्र काचेच्या भांड्यासारखं हाताळा. थंड पडलेलं हृदय धक्क्यानेही बंद पडू शकतं. त्याला उभं करू नका, चालवू नका, हातपाय चोळू नका, गरम पाण्याने आंघोळ तर मुळीच नाही. आडवाच ठेवून पोटलीसारखा बांधा: आत कोरडे कपडे किंवा स्लिपिंग बॅग, बाहेर प्लास्टिक, पोंचो किंवा चकचकीत इमर्जन्सी ब्लँकेट, फक्त तोंड उघडं. पावसात आडोसाच नसेल तर ओले कपडे काढत बसू नका. त्यांच्यावरूनच प्लास्टिक गुंडाळा, वर पांघरुणं घाला. गरम पाण्याच्या बाटल्या मोज्यात घालून काखेत आणि छातीवर ठेवा, थेट कातडीला नको. हातापायांना आधी शेक देऊ नका, तिथलं थंड रक्त एकदम हृदयाकडे येतं. रम-ब्रँडीने कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते आणि उष्णता निघून जाते. हिमालयात उंचीवर असं बरळणं मेंदूला आलेल्या सुजेनेही होऊ शकतं. ऊब द्या आणि उचलून खाली आणण्याची तयारी लगेच करा.

नाडी लागत नसेल तर घाईने मेला म्हणू नका. पूर्ण मिनिटभर श्वास आणि नाडी तपासा, मग छाती दाबायला सुरुवात करा आणि सोडू नका. १९९९ मध्ये नॉर्वेत अ‍ॅना बोगेनहोल्म ही डॉक्टर ओढ्यावरच्या बर्फाखाली ८० मिनिटं अडकली होती. तिच्या शरीराचं तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरलं, हृदय थांबलेलं होतं. ती जगली आणि पुन्हा डॉक्टरकी करू लागली.

बोटं पांढरी, मेणासारखी, बधिर झाली असतील तर चोळू नका, आगीवर धरू नका. खाली पोचून पुन्हा गोठण्याची भीती नसेल तेव्हाच ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात सोडा, कोपराला सोसेल इतपत कोमट. फार दुखतं, ते अपेक्षित आहे.

घरातल्या थंडीचे बळी वेगळे. निफाडच्या बाजूला जानेवारीत पारा एक आकडी होतो तेव्हा दारं-खिडक्या लावून आत शेगडी किंवा शेकोटी पेटवतात. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसं झोपेतच जातात. निखारे बाहेर, आत पांघरूण. नवजात बाळाचे पाय आणि पोट दोन्ही गार लागले तर ते गारठलंय. लगेच आईच्या उघड्या छातीशी धरा, वर टोपडं आणि दुपटं, अंगावर पाजा आणि दवाखान्यात न्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळं सांभाळायला शिकवलं, त्यात बाळाला उबदार ठेवणं हा मोठा भाग होता. जन्मल्याबरोबर आंघोळ घालण्याची घाई नको, ती याचसाठी.

घरात आणि सॅकमध्ये

मार्च लागला की मी दाराजवळच्या खुंटीला एक पिशवी अडकवतो: ओआरएसच्या चार पुड्या, दोन जुन्या सुती चादरी, एक फवारणीची बाटली. बाटली नवी घ्या आणि तिच्यावर 'फक्त पाणी' असं लिहा. शेतातला फवारणीचा पंप कितीही धुतला तरी माणसावर वापरू नका. त्यात औषधाचा अंश राहतो आणि तो कातडीतून आत जातो. पावसाळ्यात सॅकच्या तळाशी प्लास्टिकच्या दोन थरांत एक जोडी कोरडे कपडे आणि लोकरीची टोपी असते, आणि कितीही भिजलो तरी ते मुक्कामाला पोचेपर्यंत उघडायचे नाहीत, कुणी गारठलं तरच.